घरातला पेट्रोलचा कॅन : किती ठेवावा, कुठं ठेवावा अन् किती दिवस टिकतो?

पिंगळी (ता. परभणी) : खरिपाच्या फवारण्या सुरू झाल्या की गावोगाव पेट्रोलचे कॅन दिसू लागतात. पाठीवरचा फवारणी पंप, तण कापायचं ब्रश कटर, पॉवर वीडर, लहान पाणी-इंजिन अशी सगळी यंत्रं पेट्रोलवर चालतात. ऐन वेळी पेट्रोल नाही म्हणून काम अडायला नको, म्हणून शेतकरी पाच-दहा लिटर जास्तीचंच आणून ठेवतो. हा कॅन कधी आखाड्यावर असतो, कधी ओसरीत, तर कधी थेट कापसाच्या खोलीत.

यात दोन धोके आहेत. पहिला आगीचा, तो सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याचं खरं कारण फार कमी जणांना माहीत असतं. दुसरा धोका पेट्रोल खराब होण्याचा. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे तो वाढला आहे. गेल्या हंगामातलं पेट्रोल यंदा वापरायला काढलं आणि फवारणी पंपच बसला, अशी तक्रार घेऊन गॅरेजवर येणारे शेतकरी कमी नाहीत.

साठा करायची सवय कशी लागली?

परभणी जिल्हा पेट्रोलच्या बाबतीत देशभर गाजला तो महागाईमुळे. २०२१ मध्ये लिटरचा दर शंभरीकडे निघाला तेव्हा सर्वांत महाग पेट्रोलच्या बातम्यांत परभणीचं नाव सारखं येत होतं. इंधन मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून लांबून येतं, त्यामुळे वाहतुकीचा खर्च वाढतो, असं कारण तेव्हा सांगितलं गेलं.

पुढं १ आणि २ जानेवारी २०२४ रोजी ट्रक आणि टँकरचालकांनी संप केला. भारतीय न्याय संहितेतल्या 'हिट अँड रन'च्या शिक्षेला त्यांचा विरोध होता. पानेवाडीतून टँकर निघेनात. राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. लोक दुचाकीच्या टाक्या भरून वर कॅन अन् बाटल्याही भरून नेऊ लागले. २ जानेवारीच्या रात्री केंद्र सरकारशी चर्चा होऊन संप मिटला आणि पुरवठा सुरळीत होत गेला. पण घाईघाईत भरलेले कॅन घराघरांत तसेच राहिले.

दर वाढणार किंवा टंचाई होणार म्हणून भरून ठेवणं समजण्यासारखं आहे. पण पेट्रोल म्हणजे ज्वारीचं पोतं नव्हे. ते ठेवलं की टिकतंच असं नाही, आणि घरात ठेवण्याजोगं तर ते नाहीच.

कायदा काय सांगतो?

पेट्रोलियम कायदा १९३४ सालचा आहे. त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपुरात आहे. या कायद्यानं इंधनांचे वर्ग पाडले आहेत. २३ अंश सेल्सिअसच्या आतच ज्याची वाफ पेट घेऊ शकते ते 'अ' वर्गात येतं. पेट्रोल याच वर्गातलं.

विक्रीसाठी नसलेलं, स्वतःच्या वापराचं पेट्रोल एका व्यक्तीकडे एकूण ३० लिटरपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. मात्र भांड्याची अट आहे. भांडं घट्ट बुचाचं असावं. काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर १ लिटरपर्यंत आणि धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंतच. या यादीत प्लास्टिकचं नावच नाही.

'विक्रीसाठी नसलेलं' हे शब्द महत्त्वाचे आहेत. किराणा दुकानात किंवा टपरीवर पाण्याच्या बाटलीत भरून पेट्रोल विकलं जातं, त्याला ही ३० लिटरची सूट लागू होत नाही. तो व्यवहार एका लिटरचा असला तरी बेकायदाच आहे, शिवाय त्यात भेसळ झाली तर दाद मागायची सोय राहत नाही.

पंपावर बाटलीत पेट्रोल द्यायला नकार मिळतो त्याचं कारणही हेच नियम आहेत. आंदोलन, निवडणूक किंवा बंदोबस्ताच्या काळात प्रशासन सुट्या पेट्रोलवर वेगळी बंदीही घालतं. अशा वेळी पंपावरच्या पोराशी हुज्जत घालून उपयोग नसतो.

डिझेलची सवय पेट्रोलला चालत नाही

ट्रॅक्टरवाल्याच्या घरी डिझेलचं बॅरल वर्षानुवर्षं असतं. त्याला काही होत नाही, मग पेट्रोलला काय होणार, असा हिशोब केला जातो. पण डिझेल 'ब' वर्गात येतं. एका जागी २,५०० लिटरपर्यंत डिझेल परवान्याशिवाय ठेवता येतं, फक्त एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नको. तिकडं अडीच हजार लिटर आणि इकडं फक्त तीस. कायद्यानं एवढा फरक उगीच केलेला नाही.

हा फरक वाफेचा आहे. थंड डिझेलवर काडी पडली तर ती बहुधा विझून जाते. पेट्रोलची वाफ मात्र शून्याखाली साधारण ४० अंशांनाही पेट घेण्याइतकी निघते. म्हणजे परभणीची थंडी कितीही कडक पडली तरी पेट्रोल कायम पेटायच्या तयारीतच असतं.

खरी आग वाफेची

पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. त्यामुळे ती वर न जाता जमिनीलगत पसरते. खोलीच्या उंबऱ्यावरून, मोरीतून, उतारानं ती चालत जाते. चूल दहा-पंधरा फुटांवर असली तरी वाफ तिथवर पोचू शकते आणि जाळ उलटा कॅनपर्यंत येतो. 'चूल तर लांब होती' असं नंतर सांगितलं जातं ते म्हणूनच.

हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगी पुरते. दहा बाय दहाच्या बंद खोलीत दोन लिटर पेट्रोल सांडून उडून गेलं, तर जवळपास सगळी खोली पेट घेण्याच्या अवस्थेत येऊ शकते. तिथं मग काडीच लागते असंही नाही. बल्बचं बटण, फ्रिजचं आपोआप चालू होणं, इन्व्हर्टरच्या बॅटरीची ठिणगी, देवघरातला दिवा, यातलं काहीही पुरेसं आहे.

आता दिवाळीनंतरचं घर डोळ्यांसमोर आणा. अर्ध्या घरात कापूस, बाजूला सोयाबीनची पोती, अंगणात कडब्याची गंजी आणि त्यातच कोपऱ्यात कॅन. वर्षाची कमाई आणि घरातली माणसं एकाच छताखाली.

भांडं कसं असावं?

घट्ट झाकणाचा, वायसर शाबूत असलेला पत्र्याचा किंवा पोलादी जेरी कॅन सगळ्यांत बरा. त्यावर लाल रंगानं 'पेट्रोल' असं मोठं लिहावं.

गोडेतेलाचा कापलेल्या तोंडाचा डबा, औषधाचा रिकामा कॅन, पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची बाटली यांतलं काहीही नको. पातळ प्लास्टिक पेट्रोलनं मऊ पडतं, उन्हात फुगतं, बूच ढिलं होतं. कीटकनाशकाच्या कॅनमधला अंश इंजिनात जातो. आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीतलं पेट्रोल लहान लेकरू पाणी समजून तोंडाला लावतं.

कॅन गच्च भरू नये. पेट्रोल उष्णतेनं फुगतं. सकाळी २० अंशांना भरलेला वीस लिटरचा कॅन दुपारी ४० अंशांना गेला, तर आतलं पेट्रोल साधारण चारशे मिलीनं वाढतं. तेवढी जागा आत नसेल तर ते बुचातून बाहेर येणार. म्हणून वीस लिटरच्या कॅनमध्ये अठरा-एकोणीस लिटरच घ्यावं.

कुठं ठेवावं?

राहत्या घरात नको, हा पहिला नियम. स्वयंपाकघर, कापसाची खोली, कडबा, गॅस सिलिंडर, मीटरचा बोर्ड आणि मोटारीचा स्टार्टर या सगळ्यांपासून ते लांब असावं. जनावरांच्या गोठ्यातही नको, आग लागली तर दावणीची जनावरं सुटत नाहीत.

घरापासून अलग, सावलीची, वारा खेळती जागा निवडावी. खाली जाळी किंवा फट असलेली लहान कुलूपबंद पेटी विटांवर ठेवली तर उत्तम. वाफ जड असल्यामुळे हवेची वाट तळाशी असावी, वरची खिडकी पुरत नाही.

पत्र्याच्या शेडबद्दल वेगळं सांगायला हवं. परभणीत मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो, आणि बंद पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं. पेट्रोलमधले हलके घटक साधारण ३५ अंशांपासूनच उकळू लागतात. म्हणजे अशा शेडमधला कॅन दिवसभर आतून दाब धरतो. तो एकदम उघडला तर फवारा उडतो. झाकण हळूहळू, तोंड बाजूला ठेवून उघडावं.

आणताना काय पाहावं?

पंपावर कॅन भरताना तो जमिनीवर ठेवावा. दुचाकीवर, ट्रॉलीत किंवा रबरी मॅटवर ठेवून भरू नये. पेट्रोल वाहताना स्थिर वीज तयार होते, कॅन जमिनीवर असला आणि नोझल त्याच्या तोंडाला टेकलेलं असलं तर ती जमिनीत उतरते. वर धरलेल्या कॅनमध्ये तीच वीज ठिणगी होऊ शकते.

दुचाकीवर कॅन उभा बांधावा. लेकराच्या मांडीवर किंवा हँडलला लटकवून आणू नये. पिंगळीसारख्या स्टेशनाच्या गावात हेही सांगायला हवं की रेल्वेत पेट्रोल नेणं गुन्हा आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एसटीतही पेट्रोल नेता येत नाही.

इथेनॉल आलं, हिशोब बदलला

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणं नवं नाही. २००३ साली महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणापासून सुरुवात झाली. जून २०२२ मध्ये देशानं १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. आता पंपावर साधारणपणे मिळतं ते हेच ई-२० पेट्रोल. उसाला आणि मक्याला यामुळे गिऱ्हाईक मिळालं, ही शेतकऱ्याच्या फायद्याची बाजू. पण साठवणुकीची पद्धत मात्र बदलावी लागणार आहे.

इथेनॉल पाणी ओढतं. जुन्या पेट्रोलमध्ये पाणी गेलं तर ते तळाला वेगळं बसायचं, काढून टाकता यायचं. इथेनॉलमिश्रित पेट्रोल थोडं पाणी आपल्यात विरघळवून घेतं, दिसू देत नाही. मर्यादा ओलांडली की मात्र इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जातं. हा थर चमचाभर नसतो, कारण त्यात इथेनॉलही उतरलेलं असतं. थंडीत ही मर्यादा आणखी खाली येते. त्यामुळे दिवसा स्वच्छ दिसणारं पेट्रोल डिसेंबरच्या पहाटे दोन थरांचं झालेलं असू शकतं, आणि तेव्हाच तुरीची फवारणी चालू असते.

पाणी येतं कुठून? ओल्या नरसाळ्यातून, धुऊन न वाळवलेल्या कॅनमधून, पावसात उघड्या राहिलेल्या टाकीतून. अर्धवट रिकाम्या कॅनमध्ये दमट हवा शिरते आणि रात्री थंड पत्र्यावर तिचं पाणी होतं. म्हणून दहा लिटरच्या कॅनच्या तळाशी दोन लिटर ठेवण्यापेक्षा ते दोन लिटरच्या भांड्यात ठेवलेलं बरं.

टू-स्ट्रोकला फटका जास्त

पाठीवरचे बरेच फवारणी पंप टू-स्ट्रोक असतात. त्यांना वेगळं इंजिन ऑइल नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच पिस्टनला वंगण देतं. पेट्रोलचे दोन थर झाले की ऑइल वरच्या पेट्रोलसोबत राहतं, आणि इंजिन मात्र तळातून ओढतं. तळात असतं पाणी अन् इथेनॉल. म्हणजे इंजिन बिनऑइलचं चालतं, तापतं आणि जाम होतं. मग पिस्टन-सिलिंडरचा खर्च पेट्रोलच्या कितीतरी पट होतो.

ऑइलचं प्रमाण कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच घ्यावं. २५ ला १ असेल तर लिटरमागे ४० मिली, ५० ला १ असेल तर २० मिली. अंदाजानं झाकणभर ओतू नये. मिश्रण दोन-चार दिवसांच्या कामापुरतंच करावं, महिन्यापेक्षा जुनं वापरू नये.

यंत्र जुनं असेल तर पेट्रोलची नळी आणि रबरी भागही पाहावेत. इथेनॉलनं जुनं रबर फुगतं किंवा चिरतं. नळी चिकट लागली, ओलसर दिसली तर लगेच बदलावी. गळती पाठीवर असते, हे विसरू नये.

किती दिवस टिकतं?

पेट्रोल तीन प्रकारे खराब होतं. हलके घटक उडून जातात आणि इंजिन लवकर सुरू होत नाही. हवेशी संयोग होऊन चिकट डिंकासारखा थर बनतो आणि कार्बोरेटरचं बारीक जेट बुजतं. तिसरं कारण वर सांगितलेलं पाणी.

आपल्याकडचं ऊन पाहता, घट्ट बंद आणि सावलीतल्या कॅनमधलं पेट्रोल दोन-तीन महिन्यांत संपवावं. यंत्राच्या टाकीत ते महिन्यापेक्षा जास्त पडू देऊ नये. कॅनवर आणल्याची तारीख खडूनं किंवा पेंटनं लिहावी आणि आधी आणलेलं आधी वापरावं. बाजारात पेट्रोल टिकवणारं औषध मिळतं, पण ते ताज्या पेट्रोलमध्येच काम करतं. बिघडलेलं पेट्रोल त्यानं सुधारत नाही.

ओळखायची सोपी रीत अशी. मोकळ्या जागेत, सावलीत, थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढावं आणि पाच मिनिटं स्थिर ठेवावं. रंग गडद झालेला, वास आंबूस किंवा वार्निशसारखा, खाली वेगळा थर किंवा गढूळपणा, यांतलं काही दिसलं तर ते यंत्रात घालू नये.

थोडं जुनं पण स्वच्छ, एका थराचं पेट्रोल असेल तर त्याच्या तीन-चार पट ताजं पेट्रोल मिसळून दुचाकीत वापरता येतं. ऑइल मिसळलेलं मात्र फोर-स्ट्रोक गाडीत टाकू नये. थर पडलेलं पेट्रोल हलवून पुन्हा एक करायच्या नादी लागू नये. ते नाल्यात, विहिरीजवळ किंवा धुऱ्यावर ओतू नये. पऱ्हाटी, धसकटं पेटवायला तर मुळीच नको, ओतून काडी ओढेपर्यंत वाफ पायाशी पसरलेली असते. ते वेगळ्या कॅनमध्ये ठेवून ओळखीच्या गॅरेजवाल्याशी बोलावं.

हंगाम संपला की

तुरीची शेवटची फवारणी झाली की पंप थेट जूनपर्यंत निघत नाही. तो टाकीभर पेट्रोल घेऊन टांगू नये. टाकी रिकामी करावी, मग यंत्र चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होतो. दहा मिनिटांचं हे काम पुढच्या हंगामातली गॅरेजची चक्कर वाचवतं.

घाईतल्या तीन चुका

तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतणं ही पहिली. पंप पाठीवरून खाली ठेवावा, दहा मिनिटं निवू द्यावा, मगच भरावा. विडी-तंबाखूचा विषय तेव्हा बाजूलाच.

नळीनं तोंडानं पेट्रोल ओढणं ही दुसरी. घोट गेला तर पोटापेक्षा फुप्फुसाला धोका मोठा. कोणी पेट्रोल गिळलं तर उलटी करवू नये, मिठाचं पाणी पाजू नये. उलटीसोबत पेट्रोल फुप्फुसात जातं. तडक दवाखाना गाठावा. हातपंपाचा सायफन स्वस्तात मिळतो, तो घ्यावा.

पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारणं ही तिसरी. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. कोरडी माती, वाळू किंवा एबीसी पावडरचं अग्निशामक वापरावं. आधी माणसं बाहेर काढावीत. अंगावरचे कपडे पेटले तर पळू नये, जमिनीवर लोळावं, वरून गोधडी किंवा घोंगडी टाकावी. भाजल्यावर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडावं. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमन दलासाठी १०१ आणि कुठल्याही अडचणीत ११२.

थोडक्यात लक्षात ठेवा

- आठ-पंधरा दिवसांच्या कामापुरतंच पेट्रोल आणा. कायद्याची मर्यादा ३० लिटर आहे म्हणून ३० लिटर ठेवलंच पाहिजे असं नाही.
- घट्ट झाकणाचा धातूचा कॅन, वर नाव आणि तारीख.
- राहत्या घरात, कापसात, कडब्यात, गोठ्यात नको.
- नरसाळं आणि कॅन कोरडा, टाकीचं झाकण बंद.
- हंगाम संपला की टाकी अन् कार्बोरेटर रिकामा.

दर वाढेल या भीतीनं दहा लिटर भरून ठेवलं आणि लिटरमागे दोन रुपये वाढले, तर वाचतात वीस रुपये. तेच पेट्रोल बिघडलं तर हजार रुपये पाण्यात जातात, आणि पेटलं तर त्याचा हिशोब पैशात होत नाही.